कारणाचा रकाना

सिव्हिलच्या नोंदवहीत एक रकाना असतो : कशामुळे.
माझ्या पुढचा म्हणाला, वेल्डिंग.
त्याच्या पुढचं पोर आईच्या कडेवर,
मूठ डोळ्यावर घट्ट : चुन्याची पुडी.
एक म्हातारा : कडब्याचं कूस.
मग मी.
मी म्हणाले, मांजर.

मांजर नाही आमच्याकडे.
भद्रावती पेठेत मागांच्या खडखडाटात
मांजर टिकत नाही.

खरं असं, की श्रावंतीचं लग्न होतं,
अक्कलकोट रोडला, बारा पस्तीसचा मुहूर्त,
आणि मी आरशाच्या तुकड्यापुढे
पापण्या वळवायचा चिमटा घेऊन उभी.
साठ रुपयांचा. मूळचं रबर कधीच पडलेलं,
त्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी
मीच कातरून बसवलेली.
उजव्या झाल्या. डाव्या चिमट्यात धरल्या
आणि लाइट गेली.
शेजारचे आठ माग एकदम गप्प.

आवाजाने कुणीही दचकतं.
मी जन्मापासून त्या आवाजात झोपलेली,
मी शांततेने दचकले.
मान मागे, हात पुढे,
सात पापण्या चिमट्यातच राहिल्या
आणि त्याची कड बुबुळावरून गेली.

डॉक्टरीणबाईंनी केशरी कागदाची पट्टी
पापणीच्या आत टेकवली, निळा दिवा लावला.
म्हणाल्या, मांजराच्या पंजाला नखं बरीच असतात.
इथे रेघ एकच आहे.

मग सांगितलं.
कंपाउंडर हसला.
मागची बिडी कारखान्यातली बाई हसली नाही.
म्हणाली, माझ्या सुनेला केस सरळ करायचं मशीन लागलं,
बुबुळावर पांढरा डाग, उकडलेल्या अंड्यासारखा.
आम्ही भाकरीची वाफ सांगितली.
तिच्या पलीकडून कुणीतरी, तोंड न वळवता :
काजळाची पेन्सिल. रिक्षात. खड्डा.
आणि पुन्हा सगळ्या गप्प,
जणू कुणी काही बोललंच नव्हतं.

नानांचाही डावाच.
त्यांचा धोट्याने गेला, चौऱ्याण्णव साली,
मागातून उडाला तो थेट.
मालकाने दिली एक चादर आणि चार दिवस सुटी.
पण चौकात अजून चहाचे पैसे कुणी घेत नाही त्यांच्याकडून.
डोळा कामात गेला, म्हणतात, आणि पाठ ताठ करतात.
माझ्याबद्दल मांडवात मावशी म्हणाली,
नटायला गेली आणि बघ.

रात्री दर दोन तासांनी थेंब.
आईचा हात थरथरतो म्हणून नानाच उठायचे.
पस्तीस वर्षं तुटलेला धागा गाठवलेली बोटं
माझी खालची पापणी ओढायची
इतकी हलकी, की कळायचंही नाही.
कन्नू तेरू, म्हणायचे. उघड डोळा.
थेंब एकदाही गालावर सांडला नाही.
एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही म्हणतात.
असेल.

दुसऱ्या रात्री मी विचारलं, रागावलात?
ते बाटलीचं झाकण फिरवत राहिले.
मग म्हणाले, धोट्याला कुठं माहीत असतं
पुढं कोण उभं आहे, कामावर की आरशापुढं.

तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
उजेड आधी दुधासारखा, मग ताकासारखा,
मग नुसता सोलापूरचा, एप्रिलचा, टोचणारा.
नाना उंबऱ्यात बसले होते,
मांडीवर कानस, हातात माझा चिमटा.
कड घासत होते. बोट फिरवून बघत होते.
पुन्हा घासत होते.

याचं रबर कुणी बसवलं?
मी.
वाकडं बसवलंस.

नवी पट्टी त्यांनी मागाच्या पट्ट्यातून कापली,
स्प्रिंगला मशीनचं तेल दिलं, एकच थेंब,
आणि चिमटा होता तिथे, आरशाखाली ठेवला.
म्हणाले, लाइट गेली
तर आधी हात खाली घ्यायचा.
मागावरही तेच.

सात जागा अजून मोकळ्या आहेत.
दोन महिने लागतील म्हणाल्या बाई.